न उडालेली सहा काडतुसं

मॅकब्राइड यांचं रँच,
बर्च क्रीक, मोंटाना
रविवार, १ डिसेंबर १९७४

प्रिय लेना मावशी,

तुझे गुडघे कसे आहेत? दुलुथला सरोवरावरून वारा सुटला की ते धरतात, म्हणून आधी तेच विचारतो. मी ठणठणीत आहे. इथे वीतभर बर्फ पडलाय. गुरुवारी थँक्सगिव्हिंगला टर्की होती. सोबतची क्रॅनबेरीची चटणी तुझ्या हातची नव्हती, पण मी दोनदा वाढून घेतली.

वरचा पत्ता बघून तू चष्मा पुसून परत वाचलं असशील. सांगतो, सगळं सांगतो. पण आधी रायफलीचं सांगू दे, ते सांगायला सोपं आहे.

मी रायफल घेतली, लिव्हरची. चापाखालचा लोखंडी दांडा खाली ढकलायचा आणि वर ओढायचा, की उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस आत सरकतं. सहा काडतुसं मावतात. वयाने ती माझ्याहून मोठी आहे. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात म्हातारा ओले सॉर्बी तिला काउंटरमागे उभी करून ठेवायचा. दस्त्यावर आधीच्या मालकाच्या गालाने घासून गुळगुळीत झालेली एक जागा आहे. मी तिथे गाल टेकवून किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. ओले म्हणाला, "खाली ठेव रे पोरा, लग्न लागलं नाहीये अजून."

त्याच दुपारी ओढ्याच्या दरडीपुढे कॉफीचे रिकामे डबे मांडून इडाने आणि मी ती चालवली. पहिल्या बाराला खांद्यात असा दणका बसला की मी हसतच सुटलो. पुंगळी कानाजवळून उडाली, बर्फात पडली, चर्र झालं. मी सहातले दोन डबे पाडले, इडाने पाच. ती म्हणाली, तू डब्याशी भांडतोयस, त्याला नुसतं बघ.

इडा म्हणजे या घरची मुलगी. बोझमनला कॉलेजात माझ्या वर्गात होती. मार्चमध्ये तिचे वडील डंकन घोड्यावरून पडले, त्यांचं कंबरेचं हाड मोडलं, आणि ती कॉलेज सोडून घरी आली. मी मे महिन्यात तिच्यामागे आलो. हो मावशी, मेपासून मी इथेच आहे. गुरं, कुंपणं, गवत. तुला आलेली माझी कॉलेजातली पत्रं मी इथे बसून लिहायचो आणि माझा वर्गमित्र रॉय ती बोझमनहून टाकायचा, म्हणजे पाकिटावर शिक्का तिथला दिसावा. रॉयला काही बोलू नकोस, मीच त्याच्या मागे लागलो होतो. आणि हे पत्र हाताने लिहिलंय, कारण तू दिलेला टाइपरायटर ओलेच्या बायकोकडे आहे. ती त्यावर चर्चची पत्रकं काढते. त्याच्या बदल्यात रायफल मिळाली.

आता थांब, पत्र फेकू नकोस. खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

ऑगस्टमध्ये मी इडाला लग्नाचं विचारलं. तिने थँक्सगिव्हिंगपर्यंत वेळ मागितला. मी तापट आहे हे तिला माहीत होतं. कुंपणाच्या खांबावर हातोडा फेकताना तिने मला पाहिलंय. तुझा हात डोक्याच्या आधी चालतो, ती म्हणायची. डंकनना यंदा शिकारीला जाता येणार नव्हतं, आणि या घरात हिवाळ्याचं मांस डोंगरातून येतं. जेवणाच्या टेबलावर मी छाती पुढे काढून सांगितलं की मी आणतो. कुणी विचारलंही नव्हतं.

अठरा तारखेला, सोमवारी पहाटे, इडा आणि मी वर गेलो. उजाडता उजाडता झाडीच्या कडेला हरणाचा मोठ्या शिंगांचा नर आला. साठ पावलांवर आडवा उभा. मी रायफल खांद्याला लावली आणि बार काढले. एक, दोन, तीन, सहाच्या सहा. तो माझ्याकडे बघत राहिला आणि शांतपणे चालता झाला. मी रक्त शोधायला धावलो. मागे वळून पाहिलं, तर इडा वाकून बर्फातून काहीतरी उचलत होती.

मावशी, मी एकही बार काढला नव्हता. चाप दाबलाच नव्हता. दांडा खालीवर, खालीवर करत सहाही काडतुसं जशीच्या तशी बर्फात टाकली होती. इथे पहिल्या शिकारीला असं होतं म्हणतात. हरीण समोर आलं की माणसाचं भान सुटतं, आणि हात आपले चालत राहतात. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला बार ऐकू आले होते. पण गाडीपर्यंत येताना कळलं. खांदा दुखत नव्हता. हाताला दारूचा वास नव्हता.

इथवर चूक होती. पुढे मी जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत.

घरी आल्यावर डंकननी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, नेमक्या वेळी इडा हलली, हरीण बुजलं, नेम गेला.

"किती बार काढलेस?"

"सहा."

डंकन कंबर मोडल्यापासून पहाटेच व्हरांड्यात जाऊन बसतात. शिकारीच्या दिवसांत घरी राहिलेला माणूस कान डोंगराकडे लावून असतो. ऐकू आलेल्या बारांवरून तो काय ते ओळखतो. त्या सकाळी वारा डोंगराकडून घराकडे होता, बार झाले असते तर त्यांना ऐकू आलेच असते. ते माझ्याकडे नाही, इडाकडे बघत राहिले.

इडा म्हणाली, "वारा फिरला असेल, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गुरांच्या पाण्यावरचा बर्फ फोडत होतो. तिने खिशातून सहा काडतुसं काढली आणि एकेक करून हौदाच्या काठावर उभी केली. "बाबांशी मी आजवर खोटं बोलले नव्हते," ती म्हणाली, आणि कुऱ्हाड उचलून पुढच्या हौदाकडे गेली.

तीन दिवस मी स्वतःची बाजू घेऊन भांडत होतो. कुणाशी, विचारू नकोस, गाईंशी. एकदा बॅगही भरली. त्याच आठवड्यात गुरुवारी डंकन खोगिराचा पट्टा शिवत होते, तेव्हा जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दोरा दाताने तोडला.

"माझ्या धाकट्या भावाने हेच केलं होतं," ते म्हणाले. "पण त्याने निदान घोड्यावर ढकललं."

मी हसलो नाही. तेही हसले नाहीत. म्हणाले, मला सोमवारीच ठाऊक होतं, मी वाट बघत होतो. पण जिला सांगायचं ती वर गवत टाकतेय.

गोठ्याच्या माळ्यावर इडाने गवत उचलायचा काटा खाली ठेवून ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती चिडेल. चिडली असती तर मला चिडता आलं असतं. ती म्हणाली, हरीण गेल्याचं काही नाही, पुन्हा येईल. "पण उद्या गोठ्याला आग लागली, पोर पडलं, तर तू आधी धावशील की बोट दाखवायला माणूस शोधशील? मला माहीत नाही, नेल्स. तुलाही माहीत नाही."

मी विचारलं, म्हणजे उत्तर काय?

"नाही. कधीच नाही असं म्हटलेलं नाही मी. पण तेवढ्यावर जगू नकोस."

काल, शनिवारी, आम्ही दोघं पुन्हा वर गेलो. मांस तर लागणारच होतं. एक तरुण नर आला. मी त्याला नुसतं बघितलं. मग चाप दाबला. एकच बार. तो चार पावलं चालून बसला, मग आडवा झाला. आतडी काढताना वाफ येत होती. एका बाजूने तिचे हात, दुसऱ्या बाजूने माझे. उतारावरून ओढत आणायला तास लागला. वाटेत पुन्हा विचारायचं किती मनात होतं. नाही विचारलं.

माझी कंबर बरी होईपर्यंत, म्हणजे गाईंना वासरं होईपर्यंत थांब, असं डंकन म्हणालेत. थांबेन. नंतरचं ठाऊक नाही. कॉलेज परत घेईल का, तेही ठाऊक नाही.

मावशी, तुला मी ओळखतो. हे वाचून तू म्हणशील, त्या पोरीने माझ्या पोराचं वाटोळं केलं. शेजारच्या मिसेस क्विस्टलाही तसंच सांगशील. तसं सांगू नकोस. कॉलेज मी सोडलं. तिने 'येऊ नकोस' असं दोनदा लिहिलं होतं. टाइपरायटर मी दिला. तुला खोटं मी लिहिलं. आणि ती नाही म्हणाली त्याचं कारणही मीच आहे. कुणी विचारलं तर असंच सांग, याच क्रमाने.

रागवायचं ते मला. मोठं पत्र लिही, टाकून बोल. पाकिटावर पत्ता हाच घाल.

आजपासून तुझ्याशी खरं बोलणारा,
नेल्स