मखरामागचा मेन स्विच

३ ऑगस्ट, रविवार
सोसायटीच्या मीटिंगमध्ये इलेक्ट्रिकल सेफ्टी प्रमुख झालो. एकमताने. म्हणजे दुसऱ्या कुणी हातच वर केला नाही. योग्य माणूस समोर बसलेला असताना कोण कशाला हात वर करेल? वागळे इस्टेटला स्विचगिअरच्या कंपनीत अख्खी नोकरी काढली मी. डिस्पॅचला होतो, पण माल तोच.
बायकोला, मेघनाला, सांगितलं. म्हणाली, मग आता बाथरूमचा बल्ब तेवढा बदला. घरच्यांना पदाची किंमत नसते.

४ ऑगस्ट
नियम वाचून काढले. पॅनेल, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा, एमसीबीचा घरातला डबा, कुठे असावा याचं केवढं शास्त्र आहे! बाथरूममध्ये नको, ओल येणाऱ्या भिंतीवर नको, कपाटात नको, पडद्यामागे नको. समोर एक मीटर जागा मोकळी. संकटात माणसाचा हात सरळ स्विचवर पडला पाहिजे. हे शेवटचं वाक्य माझं. वाचताना अंगावर काटा आला.

७ ऑगस्ट
तळमजल्याच्या मीटर रूमची पाहणी. अरे देवा. आत शकूताईंच्या लोणच्याच्या बरण्या! शकूताई त्या रूमशेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात. म्हणाल्या, अहो भाऊ, इतकी वर्षं बरण्या तिथेच आहेत, कुणाला करंट लागलेला ऐकलाय का? मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. बरण्या उचलल्या त्यांनी, पण अशा बघत होत्या की मीच लोणचं नासवलंय.
दारावर नोटीस क्र. १ लावली, माझ्या वाक्यासकट. नवं कुलूप घातलं. किल्ली एकच, ती माझ्याकडे. हवी असेल त्याने सही करून न्यावी.

१० ऑगस्ट, रविवार
आंबिवलीहून आबाचा फोन. आबा माझा थोरला भाऊ. आमचा दीड दिवसाचा गणपती वडिलांनंतर त्याच्याकडेच बसतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, यंदा झेपणार नाही. म्हणाला, या वर्षी तुझ्याकडे डोंबिवलीला बसवू. नीट झालं तर कायम तुझ्याकडे. नाहीतर पुढच्या वर्षीपासून प्रभाकरकडे.
प्रभाकर मधला. टेंभी नाक्याला थ्री बीएचके. पहिली सायकल त्याला, पहिला फ्लॅट त्याला, पहिला चष्मासुद्धा त्याला. गणपती नाही देणार.
फोन ठेवला आणि डोळ्यांत पाणी आलं. मेघनाला म्हटलं, कांदा. ती म्हणाली, श्रावण चालू आहे, घरात कांदा नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन करून आलो आणि जागा ठरवली. हॉलचा पूर्वेचा कोपरा. पॅनेल नेमकं तिथेच आहे, असं मेघनाने सांगितलं. जसं काही मला माहीतच नव्हतं. मखर समोर आलं की तो कळकट डबाही झाकला जाईल. नियम असतो तो कपाटाला, सोफ्याला. बाप्पाला कोण अडगळ म्हणेल?
ती म्हणाली, आणि स्विच पडला तर?
पडणारच नाही. व्यवस्था करतो.

१७ ऑगस्ट
व्यवस्था केली. कंपनीतून निघताना आठवण म्हणून दिलेला एक दणकट एमसीबी जपून ठेवलेला. जुना काढून तो बसवून घेतला. जुन्याच्या दुप्पट ताकदीचा. इलेक्ट्रिशियन काहीतरी कुरकुरत होता, पण मी तोवर कंपनीच्या गोष्टी सांगायला घेतलेल्या. आता भूकंप झाला तरी घरातला स्विच पडणार नाही.

२४ ऑगस्ट
मखर उभं केलं. प्लायवूडचं, भिंतीला स्क्रूने पक्कं. माळा, दोन फोकस, फिरतं चक्र, आणि मोटरवर चालणारं कारंजं. कारंज्यात प्लास्टिकचा हंस. प्रभाकरने आयुष्यात असा हंस पाहिलेला नसणार.
पाहुण्यांना जागा हवी म्हणून जुना सोफा आणि चपलांचं कपाट मीटर रूममध्ये नेऊन ठेवलं. तात्पुरतं. सोफा उभा केला, तो नेमका आपल्याच मीटरसमोर आला. किल्ली माझ्याकडेच असल्यामुळे कुणाला त्रास नाही.

२६ ऑगस्ट, हरतालिका
ट्रायल घेतली. सगळे दिवे एकदम. झकास! मेघना म्हणाली, आत्ता एसी बंद आहे, मिक्सर बंद आहे. उपासाने माणूस निगेटिव्ह होतो.

२७ ऑगस्ट, सकाळ
बाप्पा आले! गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा केली. आबा काठी टेकत आला, मखरासमोर उभा राहिला आणि कितीतरी वेळ हात जोडून बघत राहिला. म्हणाला, बाबा असायला हवे होते रे. पुन्हा डोळे भरले. कांद्याचं कारणही देता आलं नाही. प्रभाकर मात्र हंसाकडे बघून नुसता हं म्हणाला.

२७ ऑगस्ट, रात्री (समईच्या उजेडात)
घाईत लिहितोय. घर पाहुण्यांनी भरलेलं. एसी चालू, मिक्सरवर चटणी, इंडक्शनवर चहा, कारंजं फुल. आरती रंगात आली आणि फट्. सगळं गेलं. खिडकीतून पाहिलं तर सगळ्या बिल्डिंगला लाइट, आमच्याकडेच अंधार.
प्रभाकरने विचारलं, मेन स्विच कुठे आहे?
मेघना म्हणाली, बाप्पाच्या मागे.
आता प्रतिष्ठा झालेली मूर्ती विसर्जनाआधी हलवायची कशी? गुरुजींना फोन केला. हात लावायचा नाही, म्हणाले. मखराच्या फटीतून लाटणं घालून पाहिलं. हंस पडला.
मेघना म्हणाली, खाली मीटर रूममध्येही आपला एक स्विच आहे, बघून येते, किल्ली द्या. मी म्हटलं, गरज नाही, घरातलाच पडलाय, मला आवाजावरून कळतं. ती म्हणाली, घरातला पडणारच नाही म्हणालेलात. बायकोने इतकं लक्षात ठेवू नये. किल्ली दिली नाही. यात सोफ्याचा काही संबंध नाही.
शकूताई दोन समया आणि हातपंखे घेऊन आल्या. बरण्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यानेच जास्त लागलं.
सगळ्यांना सांगून टाकलं की यंदाची थीम पर्यावरणपूरक आहे.

२८ ऑगस्ट, सकाळ
फ्रिज बंद, म्हणून दूध संपवायला मेघनाने बासुंदी केली. आबाने दोनदा घेतली. सगळ्यांचे मोबाइल मेलेले, त्यामुळे मंडळी गप्पा मारत बसलेली. प्रभाकर मला चक्क पंख्याने वारा घालत होता. थीम यशस्वी. आबाने अजून निकाल सांगितलेला नाही.

२८ ऑगस्ट, संध्याकाळ
विसर्जन झालं. घर एकदम ओकंबोकं. सगळ्यांदेखत मखराचे स्क्रू काढले, डबा उघडला.
एकही स्विच पडलेला नव्हता. सगळे ताठ उभे.
मेघनाने नुसता हात पुढे केला. मी किल्ली दिली. सगळे जिन्याने खाली, आबासुद्धा काठी टेकत. दार उघडलं आणि सोफा बाहेर कलंडला. मागोमाग चपलांचं कपाट. शकूताई बाजूलाच उभ्या. सोफा पॅसेजमध्ये ओढला, तेव्हा कुठे मीटर दिसला. वरच्या दणकटाऐवजी आमचा खालचा स्विच पडलेला.
आबा दमलेला, तो सोफ्यावरच बसला. समोर माझी नोटीस. त्याने मोठ्याने वाचली: संकटात माणसाचा हात सरळ स्विचवर पडला पाहिजे. अरे, कोणी लिहिलंय हे, म्हणाला, फार छान लिहिलंय.
मेघनाने स्विच वर केला. वरून कारंज्याचा आवाज आला.
मग आबाने निकाल दिला. लहानपणी गावाला समईच्या उजेडात गणपती असायचा, तसा काल वाटला, म्हणाला. गणपती आता डोंबिवलीलाच. मी प्रभाकरकडे बघितलं. त्याच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा असं वरून बघायला मिळालं! तेवढ्यात आबा पुढे म्हणाला, पण सगळं मेघना ठरवेल. जागा, दिवे, सगळं. तू फक्त आरतीला उभा राहा.

२९ ऑगस्ट
शकूताईंच्या बरण्या कुठे ठेवाव्यात, यावर सोसायटीत नव्याने विचार करायला हरकत नाही. सोफा भंगारात दिला.
सकाळी बाथरूमचा बल्ब बदलायला घेतला. सेफ्टी म्हणून आधी खालून मेन बंद करायचं ठरवलं. किल्ली मेघनाच्या जुडग्यात आहे.
मागितली. सही करून मिळाली.