बांबूशी बोलणारी सून

लदेणी कॅम्प, टिपेश्वरच्या जंगलाकडेले,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ
दि. १२ नोव्हेंबर

प्रेम बेटा,

जय सेवालाल. इकडे सारे ठीक. तूही ठीक असशीन असं धरून चालतो, कारण तब्येत विचारली का तू तिकडच्या हत्तीची सांगतो. फोनवर तू बोलतो, मी ऐकतो, अन् माही बोलाची पाळी आली का तुही रेंज जाते. म्हणून या खेपेले कागद घेतला. मधात कोणी बोलत नाही, हे कागदाचं बरं आहे. या पानाईचे फोटो मीच काढून पाठवीन. फोटोत माहा अंगठा आला तर ओरडू नको.

आधी घरच्या बातम्या. कापसाची पहिली वेचणी झाली. तुरीले फूल चांगलं आहे, पण रानडुकरं आमच्या आधी येऊन पाहून जातात. तुह्या मायचा गुडघा दुखते, जीभ मात्र ठणठणीत आहे. रोज सकाळी तुह्या नावानं शिव्या घालते, अन् रोज सांजच्याले विचारते, केनियात थंडी पडली असंन काय. जंगल उघडल्यापासून नाल्यावरची वाघीण दोन पिल्लं घेऊन दिसून राह्यली. पाहुण्याईचा ओघ सुरू आहे. सातही तंबू भरते.

तुही चिठ्ठी म्हणा, मेसेज म्हणा, भेटला. तिकडचं काम संपलं, नाताळात घरी येतो अन् आपला कॅम्प हाती घेतो, असं लिहिलं तू. फोटोही पाहिले. तो पाय असलेला टब, तंबूच्या बाहेर उघड्यावर, मागे जिराफ. तुह्या मायनं चष्मा लावून पाह्यला अन् विचारलं, "याच्यात ढोरं पाणी पेतात काय?" मी म्हटलं, नाही, साहेब लोक आंग धुतात. ते म्हणे, "जिराफासमोर? लाज नाही काय?" मग भोंग्याचा तबकडीवाला बाजा, पांढरे हातमोजे घातलेले वेटर, झाडाखाली झुंबर. मले आवडलं, खोटं कायले बोलू. पण आपल्या इथं झुंबर टांगलं तर पहिले वानरं झोके घेतीन.

अन् नाव बदलाचं म्हणतो तू. लदेणी कोणाले समजते, म्हणतो. बेटा, ते तर पाहुणे मलेच विचारतात, अन् मी त्याईले जेवताना सांगतो का आमचे आजे-पणजे बैलाईच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुख फिरत होते, त्याले लदेणी म्हणत. रात्र पडली तिथं तांडा उतरे. तंबू ठोकणं आमच्या रक्तात आहे, तुमचं आता सुरू झालं. असं म्हटलं का लोक हासतात अन् भाकर अजून एक मागतात.

तूच एक डाव लिहिलं होतं का तुह्या त्या मसाई माराच्या जंगलातल्या कॅम्पची गोष्ट न्यारी काहून आहे. गोऱ्या म्हातारा-म्हातारीचं घरचं काम, तिसरी पिढी. जीप आली का म्हातारी स्वतः पायरीवर उभी. टेबलावर घरचे अन् पाहुणे संगंच जेवतात. पैसेवाले लोक जगभरातून येतात ते त्याच्यासाठी, टबासाठी नाही, असं तूच लिहिलं. मले ते पटलं होतं. म्हणून सांगतो, आता आपलं ऐक.

आपल्या इथं अजून कंदीलच आहे. लाइटचे खांब आले, पण तंबूत कंदील. आंघोळीले तांब्याच्या बंबातलं पाणी बालटीनं, सांगतलं त्या टायमाले, तंबूच्या दारात. गाद्यावर तांड्यातल्या बायाईनं आरसे लावून शिवलेल्या गोधड्या. एक बंगलोरची बाई ते गोधडी सोडतच नव्हती, तिच्या नवऱ्यानं ओढून काढली. सकाळच्या सफारीच्या आधी पितळेच्या थाळीवर हळू टकटक, अन् चहा. घड्याळाची घंटी नाही. जेवाले एकच लंबा टेबल, त्याच्या टोकाले मी, बाजूले पाहुणे, अन् तुही माय चुलीवरून ताटावर पाहत राहते, कोणी बाटी उरवली तर जाऊन विचारते, काहून. एका जजसाहेबानं उरवली होती. त्यानंही खाल्ली.

तू गेला तेव्हा दोन तंबू होते अन् दोन्ही गळत होते. एका पावसाळ्यात एक उडून नाल्यात गेला. मग गोधड्या कोणाले सुचल्या, थाळी कोणाले सुचली, बंगलोरच्या बाईसोबत इंग्रजीत कोण बोलते, पांढरकवड्याले जीप घेऊन पाहुणे आणाले कोण जाते, हे तू एकदाही नाही विचारलं. मीही पाहा कसा आहे. दोन पानं भरली, तंबू-कंदील सारं सांगतलं, अन् तिचं नाव अजून माह्या हातून कागदावर उतरलं नाही.

उज्ज्वला.

लिहिलं आता. बायको आहे तुही, कागदावर तरी. तीन वर्षापहिले तू तिले मोबाइलवर लिहिलं का माही वाट पाहू नको. तिकडे तुहं दुसरं घर झालं हे आम्हाले तिनं नाही सांगतलं, तुह्या दोस्तानं सांगतलं. तिनं त्या दिवशी तंबूची कनात शिवाले घेतली होती, ते शिवून टाकली. महागावाकडून तिचा भाऊ न्याले आलता. ते म्हणे, हंगाम सुरू आहे, पाहुणे आहेत, आता कशी येऊ. हंगाम संपला, तरी नाही गेली.

आता एक गोष्ट तुले माहीत आहे, पण तिचा असा तमाशा होईन हे माहीत नसंन. सासऱ्यासमोर सुनेनं घुंगट ओढावा अन् त्याच्याशी सरळ बोलू नये, हे आपली जुनी रीत. तांड्यातल्या बाकी सुनांनी सोडली. तुह्या मायनं नाही सोडू दिली. मग कॅम्प चालवावा कसा? तर उज्ज्वला तंबूच्या बांबूशी बोले. "बांबू, सात नंबरात पाणी गेलं नाही." मी तिकडे पाठ करून म्हणे, "बांबूले सांग, बंब आताच पेटवला." असा आमचा कारभार. एका पुण्याच्या साहेबानं मले बाजूले घेऊन विचारलं, "काका, हा खांब तुमच्या घरातला कोणी आहे का?"

मागच्या हंगामात गेटावर माह्याजवळ, उज्ज्वलाजवळ, चुलीजवळ, जीपमध्ये असे वॉकी-टॉकी घेतले. अन् काय सांगू, त्या डब्ब्यात तोंड दिसत नाही न, म्हणून ते माह्याशी सरळ बोलाले लागली. तुही माय पहिले डोळे वटारून पाहे. पण रीत तोंडाची आहे, डब्ब्याची नाही, असं उज्ज्वलानं तिले पटवलं. तेव्हापासून दिवसभर तिचा आवाज माह्या कंबरेले. "बापू, दोन पाहुणे वाढले. ओव्हर." "बापू, तुमची गोळी घेतली का? ओव्हर." खरं सांगतो, मले तो आवाज आवडे. तुले तुह्या बापानं कधी असं सांगतलं नाही, पण घरात कोणी आपल्या गोळीची आठवण ठेवते हे लई मोठं असते या वयात.

तर मागल्या मंगळवारी दुपारी मी गेटावर बसलो होतो. आवाज आला, "बापू, ऐकून राह्यले का? ओव्हर." मी म्हटलं, ऐकून राह्यलो. ते म्हणे, "नाताळाच्या आधी मी माहेरी चालली. चाव्या चुलीजवळ याडीच्या हाती देईन. ओव्हर."

मले वाटलं भाऊ आजारी असंन. विचारलं, कितीक दिवस? ते म्हणे, "त्याईचा निरोप आला. ते येऊन राह्यले. मी इथं असल्यानं त्याईले अवघड होईन, तर मी आधीच जावं असं लिहिलं त्याईनं. ओव्हर."

हे तू लिहिलं, प्रेम. आम्हाले जिराफाचे फोटो, अन् तिले हे.

मले राग आला, अन् राग आला का मले समोरचं दिसत नाही हे तुले माहीत आहे. मी तो खटका दाबला अन् बोललो. "उज्ज्वला, तू कोठीच जात नाही. हा कॅम्प तू उभा केला. ज्याले अवघड होते त्यानं आपलं पाहावं. तू माही सून नंतर, माही लेक पहिले. ओव्हर."

आता चूक अशी का तो डब्बा एकट्या तिच्यासाठी बोलत नाही, सार्‍या डब्ब्याईत एकच आवाज जाते, हे मी रागात विसरलो. त्या दिवशी जीप तांड्यातलं एक पोरगं चालवत होतं, पांढरकवड्याहून पाहुणे घेऊन येत होतं, त्याईनं ऐकलं. चुलीजवळ तुह्या मायनं ऐकलं. माळीकाम करणाऱ्या बायाईनं ऐकलं. पाच मिनटात साऱ्या तांड्याले समजलं.

मी गेट सोडून आत आलो. उज्ज्वला सामानाच्या तंबूच्या दारात उभी होती, घुंगट छातीपर्यंत, खांदे हालून राह्यलते. मी आपला सवयीनं पाठ केली. तेवढ्यात तुही माय चुलीवरून आली, पिठाचे हात, गुडघ्यावर हात देत देत. मी म्हटलं आता हे मले झोडपते. ते सरळ उज्ज्वलाजवळ गेली अन् पिठाच्या हातानंच तिचा घुंगट धरून मागे केला. अन् मले म्हणे, "पाठ काय करून उभा आहे? लेक म्हटली न साऱ्या मुलखाले ऐकू जाईन असं? मग पाहा न तिच्याकडे."

मी पाह्यलं. नऊ वर्ष झाले तिले आपल्या घरात येऊन. तिच्या डाव्या डोळ्याखाली तीळ आहे. मले माहीत नव्हतं, बेटा. केसात पिठाचे बोटं उमटलेले अन् तशीच रडून राह्यली. मलेही आवरलं नाही. जीप तेव्हाच आली. नागपूरचे पाहुणे उतरले अन् काय करावं हे न समजून एका बाईनं टाळ्या वाजवल्या. तुही माय तिच्यावरच खेकसली, हा काय खेळ आहे काय, हात धुवा, जेवाले बसा.

आता मुद्द्याचं लिहितो.

मी घाटंजीले जाऊन आलो. कॅम्प अन् त्याच्याखालची जमीन उज्ज्वलाच्या नावानं करून राह्यलो. तुह्या मायची सही झाली. वकील म्हणे, पोराले विचारलं काय? मी म्हटलं, पोरानं जाताना मले विचारलं होतं काय? नाल्याखालचं वावर तुहं आहे, ते कोणी घेत नाही. कपाशी लाव, तूर लाव, तुही मर्जी. कॅम्पात काम कराचं असंन तर तिच्याकडे माग. तिकडचं शिकलेलं तुह्याजवळ आहे, कामाचं आहे, हे मी नाकारत नाही. ते तुले कामावर ठेवीन का नाही, मले नाही माहीत. मी तिले सांगणार नाही अन् तुह्यासाठी शब्दही टाकणार नाही.

अजून एक. तिकडच्या ज्या बाईसोबत तू राह्यला, तिचं काय? तिलेही मोबाइलवरच लिहून येऊन राह्यला काय? आम्ही तिले पाह्यलं नाही, तिचं नावही तू कधी सांगतलं नाही. पण तिचेही मायबाप असतीन. हे आधी नीट कर. तसाच उठून येऊ नको.

तू येऊ नको असं मी म्हणत नाही. मले तू पाहिजे. तू नजरेसमोर नाही म्हणून जीव तुटते हे मी कोणाले सांगत नाही, तुह्या मायलेही नाही. रस्त्यावर पांढरी गाडी थांबली का मी उठून उभा होतो. पण तुह्यासाठी तिले घराबाहेर काढीन, एवढा तुटत नाही.

हे सारं मी तिले वाचून दाखवलं. आता समोर बसून ऐकते ते, मान खाली घालत नाही. ऐकून झाल्यावर मी विचारलं, तुह्याकडून काही लिहू काय? तर तिनं बुकिंगची वही पाह्यली अन् म्हणे, "नाताळात एकही तंबू रिकामा नाही. घरात मी राहते. त्याईले उतराचं असंन तर कोण्या तारखेले, किती दिवस, हे माह्याशी बोलून विचारा म्हणा. मग पाहीन."

तिचा नंबर तुह्याजवळ आहे. मेसेज करू नको, फोन कर. पहिले ते बोलीन, तू ऐक.

तुहा बाप, हे नातं कशानंच बदलत नाही,
उत्तमसिंग