बुडायला शिकवणारं माणूस निवडताना

तीर्थरूप ताईस,

धाकट्या (आणि तुझ्या मते अजून अक्कलदाढ न फुटलेल्या) भावाचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींची साखर, दोन्ही ताब्यात असोत. आधी हिशेब घे. ‘जरा चौकशी करून ये’ या तुझ्या एका वाक्याची किंमत अशी पडली: पंपदुरुस्तीचं दुकान दोन दिवस बंद, डावा कान अडीच दिवस बंद, आणि तीस वर्षं जोपासलेली मिशी कायमची बंद. (डोळ्यांवर लावायच्या काचेच्या मुखवट्याखाली मिशी आली की पाणी आत झिरपतं. हे मला पाण्यात गेल्यावर कळलं.)

चौकशी हे निमित्त होतं आणि चिमणीला या नादातून परतवून आणायचं हा तुझा डाव होता, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. (अठ्ठावीस वर्षांची, दोन सिलिंडर पाठीवर घेऊन जिना चढणारी तुझी लेक, आणि आपण अजून चिमणीच म्हणतो.) साधं स्कुबा ती चार वर्षं करतेच आहे, मासे बघायचे आणि वर यायचं. आता तिला टेक्निकल शिकायचंय, म्हणजे खोल बुडालेल्या जहाजापर्यंत जायचं. तिथली गोम अशी की घाबरलं म्हणून सरळ वर येता येत नाही. अंगात मुरलेला वायू सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो, म्हणून ठरलेल्या खोलीवर थांबत थांबत यायचं. वीस मिनिटं जहाज बघायचं आणि तासभर दोरीला धरून लोंबकळायचं. अशा ठिकाणी शिकवणारा कच्चा निघाला तर काय, या विचाराने तुझी झोप उडालीय, आणि ती उगाच उडालेली नाही.

पहिला क्लास चकाचक. गारेगार ऑफिस, भिंतीवर शार्कबरोबरचे फोटो, आणि मास्तर खोलीतही काळा चष्मा लावून. सहा दिवसांत सर्टिफिकेट, वर टी-शर्ट फुकट. मी आमच्या धंद्यातला प्रश्न टाकला. नवा मेकॅनिक ठेवताना मी किती पंप दुरुस्त केलेस असं विचारत नाही, किती ‘होणार नाही’ म्हणून परत पाठवलेस ते विचारतो. तसं याला विचारलं, अर्ध्यातून माघारी कितीदा आलात? "काका, अजून एकदाही नाही," म्हणाला, छाती काढून. तेवढ्यात पार्टिशनमागून त्याचा माणूस फोनवर कुणाला तरी दिलासा देत होता, की डुबक्या कमी भरल्या तर वहीत वाढवून लिहून टाकू. (माझे कान तुला माहीत आहेत. लहानपणी तू खाऊचा डबा उघडलास की मला गल्लीत ऐकू यायचं.) मी चहा अर्धा ठेवून उठलो.

दुसऱ्या एक बाई. साठीच्या, बंदरात जहाजांचे तळ दुरुस्त करण्यात उमर गेलेली. क्लास म्हणजे सायकल स्टँडशेजारची खोली, दोन बाकं आणि सिलिंडरात हवा भरायचा कॉम्प्रेसर. (आवाजावरून बेअरिंग ठणठणीत.) तोच प्रश्न विचारला तर त्यांनी वही पुढे सरकवली. अकरा वर्षांत दोनशे बारा वेळा माघार, प्रत्येकीची नोंद: ‘कानाला दडा’, ‘दोरी पसंत पडली नाही’, आणि एका ठिकाणी नुसतंच ‘मन नव्हतं’. हे काय कारण झालं, असं मी म्हटलं.

"कुणीही अंगठा वर केला की सगळ्यांनी वर यायचं," बाई म्हणाल्या. "का, ते विचारायचं नाही. ज्याला सांगायचंय तो सांगेल. विचारलं की माणूस पुढच्या वेळी लाजतो. लाजलेला माणूस खालीच राहतो."

बोलायला काय जातं, म्हणून त्या नवशिक्यांना ज्या पोहण्याच्या तलावात शिकवतात, तिथे मी स्वतः उतरलो. पहिल्यांदा मिशीमुळे अंगठा केला, मग कानामुळे. मिशी काढून पुन्हा उतरलो, तेव्हा सगळं ठीक असताना छातीत नुसती धडधड सुटली आणि पुन्हा अंगठा केला. (पाणी खांद्यापर्यंत होतं. हे भाऊजींना सांगू नकोस.) तिन्ही वेळा बाई माझ्याबरोबर मुकाट वर आल्या आणि एक अक्षर विचारलं नाही. आमच्या घरात मी पाण्याचा ग्लास अर्धा ठेवला तरी चार प्रश्न येतात. तिथेच ठरवलं, आपली पोर यांच्या हाती द्यायची.

तेव्हा ताई, परतवणं जमलं नाही, पण माणूस मात्र मी असा हुडकलाय की नाव काढशील. चिमणीला म्हटलंसुद्धा, मामा नसता तर तू त्या काळ्या चष्म्याच्या गळाला लागली असतीस. "हो मामा," म्हणाली, पोर गुणाची आहे.

तुझा,
बिनमिशीचा भाऊ

ता. क. खरं काम राहिलंच. बाईंचा नियम आहे, की किती वाजता उतरणार आणि किती वाजता वर येणार याचा कागद घेऊन घरचं एक माणूस काठावर बसलं पाहिजे. चिमणीने तिथे तुझं नाव घातलंय. माझं घाल म्हटलं तर म्हणाली, आई असली की मी वेळेवर येते. तू ये. नाही म्हणू नकोस.

आणखी एक. काठावरचं माणूस म्हणून तुझी सही घ्यायची, त्यासाठी तिचा प्रवेशाचा फॉर्म आज माझ्या हातात आला. बाईंच्याच क्लासचा आहे. तारीख मागच्या महिन्याची आहे.