पायरीवरचं केळं

३ नोव्हेंबर
वेंगुर्ल्यात आले एकदाची! फळबाग संशोधन केंद्रात नोकरी, पार्वतीकाकूंच्या घरामागे भाड्याची खोली. मी तन्वी, सातारची. समुद्र बघून खुळ्यासारखी हसत सुटले. कुरकुर एकच: बसलं की पायांत वळवळ, हलवल्याशिवाय चैन नाही. डॉक्टरांनी बजावलंय, काय खाल्लं नि पाय कसे होते ते रोज लिही. म्हणून ही वही. आज घावणे, सोलकढी, तीन कप चहा. संध्याकाळी काकूंनी माझ्या पायरीवर ठेवलेलं केळंही खाल्लं. काय जीव लावतात! पाय बरे.

७ नोव्हेंबर
पाय वाईट. चहानं चाळवतात म्हणे, म्हणून चहा बंद. जीव जातोय, पण दिवसभर कलमांपाशी उभं राहायचं तर पाय हवेत. नोकरी गेली की घरचे बोहल्यावर चढवायला टपलेलेच आहेत. केळं रोजचं.

११ नोव्हेंबर
चहा बंद, खाजं बंद, चॉकलेट बंद. तरी तिन्हीसांजेला पाय ओढतात. खरंच ओढतात, फाटकाकडे. सकाळी पाहिलं तर चपलांचे तळ झिजलेले, लाल मातीनं भरलेले. इथे येताना नव्या घेतल्या होत्या! मला भीती वाटतेय.

१२ नोव्हेंबर
वही चाळली. रोज खाल्लं आणि सोडलं नाही असं एकच, केळं. काकूंना विचारलं तर त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, "गो बाये, ता केळा तुझ्यासाठी नाय! राखणदाराचा ता." राखणदार म्हणजे गावाचा अदृश्य रक्षक देव; तो रोज रात्री गावाची शीव फिरून राखतो. म्हणून त्याला रोज केळं, आणि वहाणा झिजल्या की नव्या. नऊ दिवस मी त्याचा वाटा खाल्ला. काकू म्हणाल्या, खाईल त्यानं फिरायचं.

१३ नोव्हेंबर
काकूंनी पायरीपाशी राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. पोर चुकलं, पदरात घे म्हणून. केळं तसंच राहिलं. तो आलाच नाही. पाय ओढणीनं बांधलेत — दोन्ही — घट्ट —

१४ नोव्हेंबर
गाठी सुटल्या. मी सोडल्या नाहीत. पायरीवर केळं, नव्या वहाणा — माझ्याच मापाच्या. काकू हात जोडून पुन्हा गाऱ्हाणं घालतायत, "बा राखणदारा —"
तोंड माझ्याकडे.
अगं आई गं! काकू, मी तन्वी — तन्वी आहे — पाय वहाणांत गेले — फाटक —