स्टेशनच्या पुस्तिकेतलं बाविसावं पान

प्रिय युवराज,

तुझी पुस्तिका मिळाली. चाळीसगाव-धुळे लाइनीवरच्या आपल्या एवढ्याशा स्टेशनवर तू साठ पानं लिहिलीस, याचं आधी कौतुकच वाटलं. कोळशाचं इंजिन, मग डिझेल, आता विजेची गाडी. कापसाच्या गाठी कुठं चढायच्या, फलाट कधी उंच झाला, सगळं आलंय.

मग बाविसावं पान उघडलं. 'बन्सीलाल आबांनी सव्वीस वर्षं तिकीटखिडकी सांभाळली, एक गाडी चुकवली नाही.' वर आबांचा फेट्यातला फोटो. तुझा हात कुठं अडखळला नाही, युवराज?

तिकिटं विकायचं कंत्राट आबांच्या नावावर होतं, एवढंच खरं. तिसऱ्या वर्षी ते सुरतेला कामाला म्हणून गेले आणि तिथंच दुसरं घर करून राहिले. तू दीड वर्षाचा होतास. माय तुला झोळीत टांगून खिडकीशी बसायची. पाहणीला साहेब आला की 'धनी शेतात गेलेत' सांगायची आणि अख्खं गाव तिच्या खोट्याला मान डोलवायचं. मी सातवीतून शाळा सोडली ती तुला सांभाळायला. तू त्याच गाडीनं धुळ्याला कॉलेजात गेलास. आबा परतले ते अंथरुणाला खिळायला. त्यांचं सगळं मायनंच केलं. हे तुला ठाऊक नाही असं म्हणू नकोस. छापायला तुला लाज वाटली.

परवा माझ्या मेघानं सगळी पुस्तिका मायला वाचून दाखवली. माय पदर सावरून ऐकत होती. मेघानं शेवटचं पान मिटलं तशी एवढंच म्हणाली, "बठ्ठं व्हयनं का? मन्हं नाव राही गयं वाटस." आणि भाकरी टाकायला उठली. 

आता या पत्राचं कारण. स्टेशनबाहेर गावानं बांधलेल्या निवाऱ्याला आबांचं नाव द्यायला तू तिच्या संमतीचा कागद धाडलास, तो सोबत आहे. मी म्हटलं, सही करू नकोस. "पोऱ्यानी मांगेल शे," म्हणाली, तू मागितलंस एवढंच तिला पुरे, आणि पेन घेतलं. तिकिटांच्या कागदावर दर महिन्याला आबांची सही लागायची, ती गिरवून गिरवून तेवढीच अक्षरं तिला येतात. स्वतःचं नाव लिहायला तिला कुणी सांगितलंच नाही; शिक्षक होऊन तूही नाही, आणि मीही नाही. 'पत्नीची सही' छापलंय तिथं तिनं 'बन्सीलाल' लिहिलंय. समारंभात दाखव तो कागद, हिंमत असेल तर.

तुझीच, पण तुझ्यावर रागावलेली,
कोकिळाअक्का