टिल्लूच्या गोष्टीतलं ते वाक्य

३ फेब्रुवारी

बक्षीस! माझ्या टिल्लूला बक्षीस! अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे. चौथीतून शाळा सुटलेल्या बाईला आता कोण मार्क देणार आहे?

सकाळी दूध गॅसवर ठेवलं आणि फोन वाजला. तुरुंगात पुस्तकं घेऊन जाते ना, ती ग्रंथपाल बाई. म्हणाली, आजी, आधी बसा. तुरुंगातून आलेला फोन कधी बरा असतो का? तर म्हणते, नवीन कथा लिहिणाऱ्यांची मोठी स्पर्धा असते, शेकड्यांनी लोक पाठवतात, त्यात आपल्या टिल्लूची गोष्ट पहिली आली! मी विचारलं, नीट बघितलंत ना? दुसऱ्या कुणाची नाही ना? हसायला लागली. इकडे दूध सगळं ओट्यावर. पुसता पुसता रडले आणि रडता रडता हसले. वेडी म्हातारी!

जन्मला तेव्हा ओंजळीत मावायचा, म्हणून टिल्लू. सून लवकर गेली, मीच वाढवला. पुढे असा उंच झाला की दारातून वाकून आत यायचा. वाकायचं विसरला की कपाळाला टेंगूळ आणि वर मलाच दटावणी— आजी, दार वाढव!

मुलगा टेम्पो लावून जेवायला आला तेव्हा त्याला सांगितलं. घास हातातच राहिला त्याचा. म्हणाला— हल्ली माणूस मारला की बक्षीस देतात वाटतं. ताट सरकवलं आणि गेला. चार वर्षांत एकदाही पोराला भेटायला गेला नाही. बाप आहे की फरशी!

मी मात्र आज उपाशी राहणार नाही. त्याच्या वाटचंही जेवले.

४ फेब्रुवारी

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या इमारतीला माहीत. गुडघे कुरकुरत होते तरी चारही मजले फिरले. औषधवाल्याला सांगितलं— ही डायरी त्यानंच फुकट दिलेली, पानोपानी खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे. तो म्हणाला, आजी, आता तुम्ही पण लिहा. म्हटलं, लिहितेच आहे की, तुझ्या खोकल्याच्या बाटलीखाली!

सगळ्यांना सांगितलं. एक दार सोडून.

समोरचं दार. तिथल्या बाईचा मुलगा भोपू. एवढासा होता तेव्हापासून आवाज असा की खालच्या रस्त्यावरची कुत्री उठायची. त्याचा बाप लवकर गेला, आई दवाखान्यात आया. ती कामावर असली की भोपू आमच्याकडे. दोन्ही पोरं एका ताटात जेवलेली. एकाच फर्निचरच्या कारखान्यात कामाला लागली. आणि एका संध्याकाळी तिथेच तिसऱ्या मजल्यावर भांडली. कशावरून, तर रविवारची सुट्टी कुणी घ्यायची! टिल्लूनं ढकललं. मागे सामानाच्या लिफ्टचा खड्डा उघडा होता.

दुसऱ्या दिवशी टिल्लू स्वतःहून पोलिसांकडे गेला. कुणी धरून नेला नाही. मी पोचले तर बाकावर अनवाणी बसलेला. मधल्या वेळात कुठे होता ते त्यानं कोर्टातही सांगितलं नाही, मलाही नाही. पण पळून गेला नाही माझा पोर! एवढं एकच धरून मी मान वर ठेवली आहे.

तेव्हापासून समोरची माझ्याशी बोलत नाही. जिन्यात दिसलो तर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते. मी उतरून जाईपर्यंत.

९ फेब्रुवारी, रविवार

गोष्ट छापून आली. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत, अख्खं पान. वर त्याचं नाव. पाळण्यातलं, आम्ही कुणी कधी न घेतलेलं. दोनदा वाचलं तेव्हा पटलं.

बोट ठेवून ठेवून वाचली. सकाळी बसले ते दिवेलागण झाली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळ करपली. गोष्टीचं नाव ‘सोबत’. सगळं तेच आहे. कारखाना, लाकडाचा भुसा, सुट्टीवरून भांडण, धक्का. नावं तेवढी बदललीत.

पुढचं मला कधीच माहीत नव्हतं. धक्का दिलेला मुलगा जिन्यानं धावत खाली जातो. खड्ड्यात उतरतो. दुसरा अजून जिवंत असतो. हा आपल्या चपला काढून त्याच्या डोक्याखाली उशीसारख्या ठेवतो— चपला! म्हणून अनवाणी होता! मी इतकी वर्षं म्हणत होते की चपला गेल्या कुठे! मग हा त्याचा हात धरून बसतो. श्वास थांबेपर्यंत. आणि तो जाताना एवढंच बोलतो—

‘आईला इतक्यात सांगू नकोस. कामावरून दमून आली असेल. तिला आधी जेवू दे.’

इथे माझं बोट थांबलं. पुढच्या ओळी नंतर वाचल्या.

म्हणजे एकटा नव्हता भोपू. माझा टिल्लू होता जवळ. देवा, किती बरं वाटलं हे कसं लिहू? एवढ्या वाईटातही बरं वाटलं.

१० फेब्रुवारी

दार वाजलं. वाटलं कचरेवाली. उघडलं तर समोरची! हातात तीच पुरवणी, घडी करकरून मऊ झालेली. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं तिनं. केस किती पिकलेत! मला काय बोलावं सुचेना. मला! आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच उभी.

म्हणाली, मावशी, एकच विचारायचंय. तो असं म्हणाला होता का? खरंच?

बोट त्या ओळीवर. नख झिजलेलं, फिनाइलचा वास.

आणि मी— उचलली जीभ लावली टाळ्याला— म्हटलं, अगं म्हणजे काय! माझा टिल्लू काहीही करेल, खोटं लिहिणार नाही. त्याच्या चपला आठवतात ना? अनवाणी आला होता पोलिसांत, मी डोळ्यांनी बघितलंय. भोपूच्या डोक्याखाली ठेवल्या होत्या त्यानं!

तिनं पुरवणीची घडी घातली. मग म्हणाली, मी ताटावरच होते हो तेव्हा. दुसरा घास घेतला होता. तेवढ्यात बोलावणं आलं. त्यानंतर रात्रीचं ताट वाढून घेतलंच नाही कधी. ताट बघितलं की दार वाजल्यासारखं होतं.

मी तिचा हात धरला. तिनं काढून घेतला नाही.

चार वर्षांनी! एका गोष्टीनं! कोण म्हणतं लिहिण्यावाचण्यानं पोट भरत नाही?

१४ फेब्रुवारी

आता रोज येते. स्वतःचं ताट स्वतः वाढून, झाकण घालून आणते आणि माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जेवते. एकटीला घास उतरत नाही म्हणते. पहिल्या दिवशी दोनच घास. काल पुरं ताट. मी बडबडते, ती ऐकते. काल हसलीसुद्धा! भोपूनं लहानपणी आमच्या घड्याळात पाणी ओतलं होतं— घड्याळ तहानलंय म्हणून— ते सांगितलं तेव्हा.

बक्षीस द्यायच्या कार्यक्रमाला ती येणार आहे. टिल्लूला पोलिसांबरोबर दोन तास आणणार. म्हणाली, मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. ओरडणार नाही, मावशी. फक्त ऐकायचंय.

मला आकाश ठेंगणं झालंय. टिल्लूचा शर्ट इस्त्री करून ठेवला, निळा. बाह्या पुरतील का? दंड भरलेत त्याचे सुतारकामानं.

१८ फेब्रुवारी

भेटीचा दिवस. मधे जाळी, त्यात माणूस चौकटी चौकटीत दिसतो. शेजारी दहा बायका ओरडून बोलत असतात, त्यात आपलंही ओरडायचं. मी ओरडून सांगितलं— समोरची बोलायला लागली! जेवायला लागली! तुझ्या त्या वाक्यानं!

मला वाटलं खूश होईल. जाळीला धरलेली त्याची बोटं पांढरी पडली.

आजी, तू तिला काय सांगितलंस?

म्हटलं, खरं तेच. तो तसं म्हणाला म्हणून.

तर म्हणाला— आजी, ती गोष्ट आहे.

म्हणजे?

म्हणजे मी थांबलोच नाही. आवाज आला पडल्याचा आणि मी पळालो. जिन्यातून पळालो ते थेट बाहेर. खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. रात्रभर फिरत होतो.

आणि चपला?

कुठे सुटल्या माहीत नाही.

शेजारची बाई आपल्या नवऱ्याला गॅस सिलिंडरचं काहीतरी ओरडून सांगत होती. मी तेच ऐकत राहिले. मग त्याचा आवाज— थांबलो असतो तर काय बोलला असता तो, ते रोज लिहून बघायचो. शिव्या दिल्या असत्या. पाणी मागितलं असतं. काहीच खरं वाटेना. मग एकदा आईचं वाक्य आलं. ते त्याच्यासारखं वाटलं. म्हणून ठेवलं.

घंटा झाली. जाताना म्हणाला, तिला सांग आजी. तूच सांग. माझी हिंमत नाही.

पळाला होता. माझा टिल्लू पळाला होता.

१९ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

२३ फेब्रुवारी

रोज ठरवते, आज सांगायचं. ती ताट घेऊन येते, भिंतीला टेकते, पहिला घास घेते आणि माझं तोंड मिटतं. जन्मभर सगळे म्हणाले, म्हातारीच्या तोंडाला झाकण नाही. आता बघा म्हणावं.

सांगितलं तर हिचं जेवण सुटेल. नाही सांगितलं तर कार्यक्रमात कुणीतरी विचारणार आणि तो खरं बोलणार— मला माहीत आहे, आता तो खोटं बोलणार नाही. चारचौघांत कळेल हिला. आपला पोर खड्ड्यात एकटा पडून होता हे. आणि मी तोंडावर खोटं बोलले हे.

आज मुलगा म्हणाला, आई, तू बोलत का नाहीस? बरं आहे ना? म्हटलं, दात दुखतोय. माझ्या तोंडात दात आहेत कुठे! त्याच्याही लक्षात आलं नाही.

१ मार्च

जाऊन आलो. मुलानं टेम्पोतून नेलं. आत आला नाही, बाहेर इंजिन चालू ठेवून बसून राहिला.

मोठा हॉल, मऊ खुर्च्या, पाय खाली टेकेनात. समोरची माझ्या शेजारी. जाताना टेम्पोतही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

टिल्लू आला. दोन्ही बाजूंना पोलीस. निळा शर्ट आखूडच झाला. सवयीनं दारातून वाकून आला— एवढं उंच दार, तरी वाकला. चष्मेवाले परीक्षक खूप बोलले. नवोदित, संयत, असं काय काय. मग निवेदन करणाऱ्या मुलीनं माईक त्याच्यापुढे धरला, हसून विचारलं— यातलं खरं किती, कल्पना किती?

मी समोरचीचा हात शोधला. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट बांधलेले.

त्यानं मला बघितलं. मग तिला. माईक हातात घेतला. मग म्हणाला—

काहीच खरं नाही. तो बोलला नाही. कुणी जवळ थांबलंच नव्हतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, केवढी ही कल्पनाशक्ती. उभं राहून वाजवल्या. आम्ही दोघीच बसून.

परत आल्यावर ती टेम्पोतून आधी उतरली. जिन्यात माझ्या पुढे गेली. दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

रात्री जेवायला आली नाही.

२ मार्च

दिवे लागले आणि दार वाजलं. समोरचीच. हातात झाकलेलं ताट.

म्हटलं, अगं ऐक, मला आधीच कळलं होतं, मी तुला—

म्हणाली, राहू द्या मावशी. चपला कारखान्याच्या जिन्यात होत्या. एक वरच्या वळणावर, एक खाली. वॉचमननं त्याच दिवशी दाखवल्या मला. भोपूजवळ कुणी नव्हतं, ते तेव्हापासून माहीत आहे.

मग मला विचारायला आलीस ती कशाला गं?

ती भिंतीला टेकून बसली. झाकण काढलं. घास केला आणि हातातच धरून ठेवला.

पुन्हा सांगा ना, म्हणाली. काय म्हणाला तो?