नव्या मालकाची पटाशी

४ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. पुरावा हवा. आमच्या पटाश्या-रंधे बनवणारी कंपनी मागच्या जूनमध्ये विकली गेली. नवा मालक आला आणि पोलादाची वाट लागली. बाकीचे सुतार गप्प आहेत. मी गप्प बसणाऱ्यातला नाही. महिनाभर चाचणी, मग कंपनीला कडक पत्र.
धाकटा भाऊही जूनमध्येच दुकान सोडून गेला. त्याचा इथे काही संबंध नाही.

५ जानेवारी
नवी पटाशी, सागाची फळी. सकाळी झकास. दुपारी लाकूड कापायचं सोडून कुरतडायला लागली. जुन्या मालकाच्या वेळी असं नव्हतं. तीस वर्षांत मी स्वतः धार लावल्याचं आठवतच नाही. काय पोलाद होतं!

८ जानेवारी
धार लावली. स्वतः. अख्खी सकाळ गेली. कड गोल झाली आणि अंगठा कापला. अंगठा कापण्याइतकी धार आहे, लाकूड कापण्याइतकी नाही. निकृष्ट माल. नोंद केली.
ही म्हणाली, भावजींना विचारा. मोठा भाऊ मी आहे, याची तिला आठवण करून दिली. नाचता येईना, एवढंच म्हणाली आणि पुढचं गिळलं.

११ जानेवारी
कहर. वाटणीत माझ्याकडे आलेली जुनी हत्यारंसुद्धा बोथट! कारण सापडलं. जुनी-नवी एकाच पेटीत ठेवली होती. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. उद्या वेगळी पेटी करायची.

१२ जानेवारी
पेटी झाली नाही. हत्यारं बोथट.

१५ जानेवारी
डॉक्टरीणबाई त्यांच्या ऑर्डरचं कपाट बघून गेल्या. एक खण उघडेना, दुसरा उघडला तो बंद होईना. त्यांना मालकबदलाचं सगळं प्रकरण समजावलं. शांतपणे ऐकलं आणि विचारलं की तुमचे धाकटे बंधू हल्ली दिसत नाहीत.
दिसणार कसे? तयार दारांच्या शोरूममध्ये नोकरी धरली आहे साहेबांनी. मी एवढंच म्हणालो होतो की दिवसभर दगडावर हत्यारं घासण्यापलीकडे तू करतोस काय. एवढ्याशा बोलण्यावरून कुणी तीस वर्षांचा धंदा सोडतं? त्याचं स्टूल अजून इथेच आहे. येता-जाता पायात येतं. हलवायचं राहून जातं.

१९ जानेवारी
कंपनीला फोन. एका पोरसवदा माणसाने उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काका, शेवटची धार कधी लावली होती? उद्धटपणाची हद्द झाली. फोन आपटला. नवा मालक माणसंही तसलीच ठेवतो.

२३ जानेवारी
लॉटरी! हार्डवेअरवाल्याच्या माळ्यावर जुन्या मालकाच्या वेळची पटाशी सापडली. ग्रीससकट, कोरी करकरीत. आता दूध का दूध.

२५ जानेवारी
तीही बोथट झाली. माळ्यावर इतकी वर्षं पडून माल उतरतो, हे उघड आहे.

२६ जानेवारी
पत्र तयार. साक्षीदाराची सही हवी. जुना माल तीस वर्षं हाताळलेला, माझ्या ओळखीचा माणूस एकच. कामापुरतं जायचं. पत्रापलीकडे एक शब्द बोलायचा नाही.
शर्टाला इस्त्री केली. हिने विचारलं, नुसत्या सहीसाठी?

२८ जानेवारी
गेलो. धाकट्याने घरात बसवून आधी पाणी दिलं. मग पत्र वाचलं. नवी पटाशी हातात घेऊन उलटसुलट बघितली, दगड काढला आणि हिच्या गुडघ्याची चौकशी करत करत घासली. मनगटावरून फिरवली, केस साफ. पोलाद चांगलं आहे म्हणाला, पूर्वीसारखंच.
पूर्वी धार कधी लावायचास, मी विचारलं. रोज, म्हणाला, तू जेवून आडवा झालास की. सगळ्यांना. तक्रारीचा सूर नव्हता. रोज दाढी करतो असं सांगावं, तसं सांगितलं.
मग ठरवलेलं सगळं राहिलं बाजूला. परत ये म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो हसला. नको दादा, आहे तिथे बरं आहे, म्हणाला. रागाने म्हणाला असता तर चाललं असतं. राग काढता येतो. तो रागावलेला नव्हताच. फार वाईट वाटलं.
येताना पटाशी तिथेच विसरली. मुद्दाम नाही. आता रविवारी आणायला जावंच लागेल.

२९ जानेवारी
रविवारी आम्ही दोघांनी जायचं ठरवलं. जेवायलाच थांबू, असं हिला सांगून ठेवलं. गप्पांच्या ओघात विषय पुन्हा काढता येईल. या वेळी घाई करायची नाही.

३० जानेवारी
शोरूमच्या टेम्पोवाल्याने सकाळी पटाशी आणून दिली. मऊ कापडात नीट बांधलेली. निरोप काही नाही.
म्हणजे रविवारी जायला नको.
ही म्हणाली, आता धार आहे तोवर डॉक्टरीणबाईंचे खण तरी करून टाका. करीन म्हणालो. पण वापरली की धार जाणार. पुन्हा कापडात बांधून ठेवून दिली.